हाऊसफुल्लचा आकडा आणि गर्दीचा आवाज

५ मार्च २०१७ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निक्स विरुद्ध वॉरियर्स अशी एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगची, मॅच होती. सुरू व्हायच्या आधी स्क्रीनवर सूचना आली की आज पहिल्या हाफमध्ये गाणी वाजणार नाहीत, व्हिडिओ दिसणार नाहीत, मधल्या वेळची करमणूक नाही, खेळ त्याच्या शुद्ध रूपात बघा आणि खेळाचे आवाज ऐका. आणि खरंच अर्धी मॅच तशीच झाली. बूट लाकडी कोर्टवर करकरतायत, कोच ओरडतोय, बॉल रिंगवर आपटल्याचा आवाज घुमतोय आणि गार्डन नेहमीपेक्षा शांत. मॅच संपल्यावर वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन जाम वैतागलेला होता, इतक्या वर्षांत लोकांनी मेहनत करून एनबीएचा हा सगळा माहोल उभा केला आणि तुम्ही आम्हाला मागे कशाला नेताय, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या हाफला दणदणाट परत सुरू झाला आणि तो प्रयोग तिथेच संपला.

मला वाटतं तो फार लवकर संपवला. ज्या पब्लिकला वर्षानुवर्षं दर अर्ध्या मिनिटाला स्पीकरवरून सांगितलं जातंय की आता टाळ्या, आता डिफेन्स, आता अजून जोरात, त्यांना एका हाफमध्ये स्वतःचा आवाज कसा सापडेल? सापडतो, पण वेळ लागतो आणि तेवढी रिकामी जागा कोणीतरी द्यावी लागते. बास्केटबॉलच्या गर्दीबद्दल मला जे काही वाटतं ते सगळं इथूनच सुरू होतं. लोक आकडे मोजतात, किती सीट भरल्या, किती डेसिबल झाले, पण ही गर्दी खेळाकडे खरंच बघतेय की समोरच्या स्क्रीनकडे, हे कुठल्याच आकड्यात येत नाही.

मी मॅचला गेले की मला वरच्या टप्प्यातली सीट आवडते, अगदी छताजवळची, स्वस्त असते हे तर आहेच पण तिथून अख्खी गर्दी दिसते. एकदा पुढच्या रांगेत एक बाप आपल्या चार-पाच वर्षांच्या पोराला मॅच समजावत होता. समोरच्या टीमचा प्लेयर फ्री थ्रोला, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला, उभा राहिला की बाप सांगायचा, आता ओरड, आणि पोरगं जीव खाऊन ओरडायचं. मग आपला प्लेयर फ्री थ्रो लाइनवर आला. बाप वाकून कानात काहीतरी बोलला आणि त्या पोरानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं, डोळे मोठे करून खाली कोर्टकडे बघत बसलं, बॉल आत गेला तेव्हाच हात काढले. आजूबाजूला बघितलं तर हजारो माणसं तेच करत होती, फक्त हात न लावता. हे स्पीकरवरून कोणी सांगितलेलं नव्हतं. आपल्या माणसाला शांतता द्यायची आणि परक्याला गोंगाट, हा नियम कुठे लिहिलेला नाही, तो असाच एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्या बापाला पण कोणीतरी कधीतरी असाच सांगितला असणार.

बास्केटबॉलची गर्दी वेगळी का असते याचं एक साधं कारण म्हणजे अंतर. पहिल्या रांगेतल्या लोकांचे पाय अक्षरशः कोर्टला टेकलेले असतात. मध्ये जाळी नाही, कुंपण नाही, खेळाडूच्या डोक्यावर हेल्मेट नाही, त्याचा चेहरा, घाम, चिडचिड सगळं दिसतं आणि तुम्ही काय बोललात ते त्याला ऐकू जातं. वर छप्पर, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही, फिरून परत येतो. आणि दुसरं म्हणजे दर काही सेकंदाला काहीतरी घडतं. दोन्ही टीम शंभरीच्या पुढे जातात म्हणजे बास्केटचं अप्रूप नसेल असं वाटतं पण तसं नसतं, कारण गर्दी एकेका बास्केटवर नाही तर लाटेवर जगते. समोरच्यांनी सलग आठ पॉइंट केले की अरेना बसतं, आपल्यांनी सलग दहा केले की उठून उभं राहतं, आणि समोरचा कोच टाइमआउट घेतो तो निम्मा प्लेयर्सना समजावायला आणि निम्मा तो आवाज तोडायला. टाइमआउट प्रत्येक टीमला सात असतात. ४८ मिनिटांचा खेळ सव्वादोन तास चालतो, त्यातला केवढा तरी वेळ बॉल थांबलेला असतो आणि या थांबलेल्या वेळात काय करायचं हा संयोजकांचा मोठा प्रश्न. मग टी-शर्ट उडवणाऱ्या बंदुका, डान्स, स्क्रीनवर जोडप्यांचे चेहरे, लहान मुलांच्या शर्यती. यातलं थोडंफार मला आवडतंही, लहान मुलं खूश होतात, आणि दोन तास कोणी सलग ताणात बसू शकत नाही. माझी तक्रार बॉल चालू असताना वाजणाऱ्या संगीताबद्दल आहे. तिथे गर्दीचा हक्क हिरावून घेतल्यासारखं वाटतं.

कारण गर्दीला मोकळं सोडलं की ती काय शोधून काढते ते २०२१ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, दिसलं. मिलवॉकी बक्सचा यानिस आंतेतोकुनपो फ्री थ्रो मारायला फार वेळ घेतो. नियम असा की बॉल हातात आल्यापासून दहा सेकंदांत मारायचा. तर समोरच्या टीमच्या पब्लिकनं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन... आणि अर्थात घड्याळापेक्षा फास्ट, बारा-तेरापर्यंत आकडा जायचा. आधी एका शहरात, मग पुढच्या राऊंडमध्ये दुसऱ्या शहरात, मग फिनिक्समध्ये फायनलला. अरेनाच्या स्पीकरची यात गरजच नव्हती, ही पब्लिकची स्वतःची आयडिया आणि ती शहरामागून शहर पसरत गेली. यानिसचे फ्री थ्रो खरंच चुकत होते. आणि मग २० जुलै २०२१, फायनलची सहावी मॅच, मिलवॉकीत, स्वतःच्या घरच्या पब्लिकसमोर. यानिसनं ५० पॉइंट केले आणि १९ पैकी १७ फ्री थ्रो आत टाकले. आत अरेना भरलेलं आणि बाहेर चौकात पासष्ट हजार माणसं मोठ्या स्क्रीनसमोर उभी, बक्सला १९७१ नंतर पहिल्यांदाच विजेतेपद मिळत होतं. घरच्या शांततेनं ते १७ आत गेले असं छातीठोक सांगता येणार नाही, सरावही केला असेल, त्या रात्री त्याच्या अंगातच काहीतरी आलं असेल. पण मी ती मॅच बघत होते आणि तो लाइनवर उभा राहिला की ती सगळी माणसं जो श्वास धरून बसायची तो मला टीव्हीतूनही जाणवत होता.

आणि याच्या बरोबर उलटं चित्र त्याच्या आदल्या वर्षीचं. ११ मार्च २०२० ला रूडी गोबेअर या प्लेयरची कोविड टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि सीझन त्याच रात्री थांबला. जुलैच्या शेवटी फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डच्या आवारात २२ टीम नेऊन बंदिस्त ठिकाणी उरलेला सीझन खेळवला. कोर्टच्या भोवती सतरा फुटी स्क्रीन, त्यावर घरी बसलेले तीनशेच्या वर फॅन्स व्हिडिओ कॉलवरून दिसायचे आणि स्पीकरवर गर्दीचा रेकॉर्डेड आवाज. खेळ म्हणाल तर उत्तम होता, काही जण म्हणतात नेहमीपेक्षा चांगला, शूटिंग तर फारच छान होतं. पण मला ते बघताना सारखं काहीतरी खटकत होतं आणि ते काय ते कळायला थोडा वेळ गेला. तो रेकॉर्डेड आवाज कधीच चकित होत नव्हता. खरी गर्दी बॉल हवेत असताना जो आवाज काढते, म्हणजे हातातून बॉल सुटला आणि लोकांना कळलं की हा जाणार आहे आणि ते ओठातल्या ओठात 'ओ' म्हणायला लागतात आणि मग तो स्फोट होतो, तो मधला अर्धा सेकंद कोणाला तयार करता येत नाही. लेकर्सनी ऑक्टोबरमध्ये मायामीला ४-२ हरवून ट्रॉफी घेतली, समोर कोणी नाही.

पुढचा सीझन ७२ मॅचचा झाला, बऱ्याच ठिकाणी रिकाम्या किंवा अर्धवट भरलेल्या अरेनात, आणि त्या सीझनला घरच्या टीम साधारण ५४ टक्के मॅच जिंकल्या. पूर्वी कित्येक वर्षं हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास असायचं. ते आधीपासूनच हळूहळू कमी होत होतं त्यामुळे सगळं श्रेय गर्दीला देऊन टाकणं चूक होईल, प्रवास, झोप, थ्री पॉइंटर्सचा खेळ, बरीच कारणं आहेत. पण रेफरीही माणूसच आहे आणि अठरा हजार जण एका सुरात ओरडतायत की फाऊल झाला, तेव्हा त्याच्या कानावर काहीच परिणाम होत नसेल हे मला पटत नाही.

आता आकड्यांचं. २०२३-२४ च्या सीझनला एनबीएच्या मॅचना सव्वादोन कोटींहून जास्त लोक आले, सरासरी मॅचला १८,३०० च्या आसपास, म्हणजे सीट ९८ टक्के भरलेल्या. ऐकायला जबरदस्त. पण हे आकडे विकल्या किंवा वाटल्या गेलेल्या तिकिटांचे असतात, दारातून आत किती माणसं आली याचे नव्हे. थंडीच्या दिवसातली मधल्या वारची मॅच, दोन हरणाऱ्या टीम, स्कोअरशीटवर सतरा हजार लिहिलेलं आणि कॅमेरा फिरला की रांगच्या रांग रिकामी, हे एनबीए बघणाऱ्या प्रत्येकानं बघितलंय. सगळ्यात मोठ्या गर्दीचे विक्रमही असेच, सॅन अँटोनियोनं १३ जानेवारी २०२३ ला जुन्या अलामोडोममध्ये वॉरियर्सविरुद्ध मॅच ठेवली आणि ६८,३२३ लोक आले, रेग्युलर सीझनचा विक्रम. छान झालं, पण तेवढ्या लांबून बास्केटबॉलचं कोर्ट टपाल तिकिटाएवढं दिसतं. मला विचाराल तर पोर्टलंडचा विक्रम जास्त भारी. १९७७ ते १९९५ सलग ८१४ मॅच हाऊसफुल्ल, आणि अरेना केवढं, तर जेमतेम पावणेतेरा हजारांचं. १९७७ ला ते चॅम्पियन झाले, त्यानंतर त्या अठरा वर्षांत पुन्हा एकदाही नाही आणि तरी शहरानं ते अरेना एक दिवस रिकामं पडू दिलं नाही. त्या काळी तिथे पोरानं बापाच्या सीझन तिकिटावर बसून मॅच बघितली असेल आणि नंतर स्वतःच्या पोराला आणलं असेल, अठरा वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी होते.

डॅलसची गंमत आणखी निराळी. डिसेंबर २००१ पासून मॅव्हरिक्सच्या घरच्या मॅच सलग हाऊसफुल्ल म्हणून नोंदवल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला टीमनं एका रात्रीत लुका डोनचिचला लेकर्सला देऊन टाकलं. आदल्याच वर्षी त्यानं टीमला फायनलला नेलं होतं, पंचविशीतला पोरगा, शहराचा लाडका. लोक अरेनाबाहेर जमले, फुलं ठेवली, आणि मग आत मॅच चालू असताना जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढा म्हणून घोषणा सुरू झाल्या. टीम जिंकतेय तरी घोषणा, हरतेय तरी घोषणा, स्वतःचा प्लेयर फ्री थ्रोला उभा आहे, म्हणजे ज्या क्षणाला शांत राहायचं त्या क्षणाला, मुद्दाम, कारण त्याच वेळी टीव्हीवर सगळ्यात स्पष्ट ऐकू जातं. ९ एप्रिलला लुका लेकर्सच्या जर्सीत परत आला, आधी त्याचा व्हिडिओ दाखवला आणि तो बेंचवर बसून टॉवेलनं डोळे पुसत होता, नंतर ४५ पॉइंट केले आणि डॅलसच्या लोकांनी पाहुण्या टीमच्या प्लेयरच्या प्रत्येक बास्केटवर अरेना डोक्यावर घेतलं. नोव्हेंबरात हॅरिसनची नोकरी गेली. नोंदवहीत त्या घोषणांच्या दिवसांतही हाऊसफुल्लच. कागदावर बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नाही आणि आत बसलेल्याला कळत होतं की हे शहर दुखावलंय.

पण गर्दीच्या हातात खरंच काय असतं असं विचारलं तर मला सॅक्रामेंटो आणि सिअ‍ॅटल ही दोन नावं एकत्रच आठवतात. सिअ‍ॅटलची सुपरसॉनिक्स ४१ वर्षं त्या शहरात होती, १९७९ ला चॅम्पियन झाली. १३ एप्रिल २००८ ला घरची शेवटची मॅच, डॅलसविरुद्ध, केव्हिन ड्युरांटचा पहिला सीझन. टीम भंगार होती, त्या रात्री जिंकली, आणि लोक उभे राहून आमची सॉनिक्स वाचवा म्हणून ओरडत होते. नाही वाचली. नवे मालक, नवं अरेना बांधायला सरकारी पैसा नाही, कोर्टकचेरी, आणि टीम ओक्लाहोमा सिटीला गेली. आता ओक्लाहोमाच्या लोकांना दोष देता येत नाही, त्यांनी कतरिना वादळानंतर दोन सीझन न्यू ऑर्लिन्सच्या टीमला आपलं अरेना दिलं होतं, भरभरून आले होते, आणि आज तिथली गर्दी लीगमधल्या सगळ्यात दणदणीत गर्दींपैकी एक आहे. पण सिअ‍ॅटलनं आरडाओरडा कमी केला म्हणून टीम गेली असं नव्हतं, हे लक्षात ठेवायला पाहिजे.

आणि मग २०१३ ला सॅक्रामेंटो किंग्स विकली जाऊन सिअ‍ॅटललाच जाणार असं जवळपास ठरलं होतं. म्हणजे ज्यांची टीम नेली ते आता दुसऱ्यांची आणणार, दोन्ही बाजूंची माणसं बरोबर आणि दोन्ही बाजूंचं दुःख खरं. सॅक्रामेंटोचे लोक गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊन मॅचला यायचे, त्याचं कारण लेकर्सचा तेव्हाचा कोच फिल जॅक्सननं कधीकाळी त्या शहराला गुराढोरांचं गाव, अर्धवट सुधारलेलं, असं हिणवलं होतं. लोकांनी ते अंगाला लावून घेतलं आणि घंटाच आणल्या, मला हे उत्तर फार आवडतं. त्या वर्षी तिथल्या महापौरापासून सीझन तिकीटवाल्यांपर्यंत सगळे कामाला लागले, मे महिन्यात मालकांच्या मतदानात २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं गेलं आणि मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेंच्या गटानं टीम घेतली. नोव्हेंबरात त्याच जुन्या अरेनात १२६ डेसिबलचा इनडोअर आवाजाचा गिनेस विक्रम झाला. टीम तेव्हा हरतच होती. सलग सोळा सीझन प्लेऑफ नाही, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दुष्काळ, तो संपला २०२३ ला. त्या सीझनपासून जिंकल्यावर अरेनाच्या छतावरून आकाशात जांभळ्या प्रकाशाचा झोत सोडतात आणि मॅच संपायच्या आधीपासून लोक ओरडायला लागतात की लावा, लावा. ही आयडिया टीमच्या ऑफिसातून आलेली आहे, लोकांची नव्हे, आणि तरी ती लोकांची झाली, कारण ती बॉल चालू असताना मध्ये लुडबुड करत नाही. जिंकल्यावरच होते. कमवावी लागते.

युरोपातली गर्दी हा एक स्वतंत्र विषय आहे आणि तिथल्या मॅच मी व्हिडिओतच बघितल्यात, पण पहिल्यांदा बेलग्रेडची पार्टिझान टीम घरच्या मैदानावर खेळताना बघितली तेव्हा मी आवाज कमी केला होता, म्हटलं काहीतरी बिघाड झालाय. ते थांबतच नाहीत. एक माणूस कोर्टकडे पाठ करून उभा, तो मॅच बघतच नाही, तो फक्त लोकांकडून गाऊन घेतो आणि लोक पूर्ण वेळ उड्या मारत गातात, टीम वीसनं मागे असली तरी. २००९ ला पनाथिनायकोसविरुद्धच्या मॅचला तिथे २२,५६७ लोक होते. अमेरिकन गर्दी खेळाला उत्तर देते, बेलग्रेडची गर्दी खेळाच्या शेजारी स्वतःचं काहीतरी चालवते. मला दोन्हीतलं अमेरिकन गर्दीचं ते उत्तर देणं जास्त जवळचं वाटतं, पण इतक्या लोकांना स्पीकरची गरज पडत नाही हे बेलग्रेड बघून कळतं. तिथल्या गर्दीची दुसरी बाजूही आहे, फटाके, मारामाऱ्या, शेजारच्या रेड स्टारशी असलेलं जुनं वैर, त्यामुळे आंधळेपणानं कौतुक करायची माझी इच्छा नाही.

कारण गर्दी घाणही करते. १९ नोव्हेंबर २००४, डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये मॅचचा निकाल लागलेला, शेवटचं मिनिटही उरलेलं नव्हतं, खेळाडूंची धक्काबुक्की झाली, इंडियानाचा रॉन आर्टेस्ट टेबलावर आडवा झाला आणि वरून कोणीतरी पेयाचा ग्लास फेकला. आर्टेस्ट सरळ स्टँडमध्ये घुसला. त्याला उरलेला अख्खा सीझन बाहेर बसवलं, आणि त्यानंतर लीगनं चौथ्या क्वार्टरमध्ये बिअर विकणं बंद केलं, प्रेक्षकांसाठी आचारसंहिता आली. जे अंतर नसणं मला एवढं आवडतं त्याचीच ही किंमत. २६ मे २०२१ ला एकाच रात्री फिलाडेल्फियात जखमी होऊन आत चाललेल्या रसेल वेस्टब्रुकच्या डोक्यावर पॉपकॉर्न ओतले आणि न्यूयॉर्कमध्ये ट्रे यंगवर थुंकले. तिकिटाचे पैसे दिले म्हणून समोरच्या माणसाचा अपमान करायचा हक्क मिळतो असं मानणारा एक प्रकार सगळीकडे असतो आणि त्याला आजूबाजूच्या चार माणसांनी गप्प करायला पाहिजे, सिक्युरिटी यायच्या आधी.

होऊ शकतं ते. टोरांटोत २०१९ च्या फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये पाहुण्या वॉरियर्सचा ड्युरांट जखमी होऊन खाली बसला तेव्हा काही लोकांनी आनंदानं ओरडायला आणि हात हलवून बाय-बाय करायला सुरुवात केली. फार वाईट क्षण होता. टोरांटोच्याच लाउरी, इबाका वगैरे प्लेयर्सनी हातानं खुणा करून पब्लिकला थांबवलं, आणि काही सेकंदांत तो आवाज बदलला, ड्युरांट आत गेला तो टाळ्यांमध्ये. त्याच शहरानं विन्स कार्टरला दहा वर्षं हुर्यो उडवून हैराण केलं होतं, २००४ ला तो टीम सोडून गेला म्हणून, प्रत्येक वेळी बॉल त्याच्या हातात आला की बू. १९ नोव्हेंबर २०१४ ला तो मेम्फिसकडून खेळायला आला, टाइमआउटमध्ये त्याच्या जुन्या खेळाचा व्हिडिओ लावला. सुरुवातीला थोडं बू झालं, मग ते टाळ्यांमध्ये बुडलं, मग लोक उभे राहिले, आणि कार्टर रडायला लागला. ती क्लिप शोधून बघा. दहा वर्षांचा राग एका टाइमआउटमध्ये उतरताना दिसतो, आणि कॅमेरा वरच्या रांगांकडे जातो तेव्हा लोक एकमेकांकडे बघतायत, म्हणजे आपण खरंच हे करतोय ना याची खात्री केल्यासारखे.

पैशाचं बोलल्याशिवाय हे पुरं होणार नाही. ओकलंडचं ओरॅकल अरेना हे एकेकाळी लीगमधलं सगळ्यात कान फाडणारं ठिकाण होतं. २००७ ला वॉरियर्स आठव्या नंबरनं प्लेऑफला आले आणि ६७ मॅच जिंकलेल्या डॅलसला पहिल्याच राऊंडला घरी पाठवलं, पिवळ्या टी-शर्टांचा नुसता समुद्र. टीम पुढे चॅम्पियन झाली, श्रीमंत झाली आणि २०१९ ला खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत नव्याकोऱ्या चेस सेंटरला गेली. तिकिटं महागली आणि ज्या लोकांनी पडत्या काळात घसा बसेपर्यंत ओरडून ते नाव कमावलं होतं त्यातले कितीतरी जण बाहेर राहिले. खालच्या महागड्या रांगा तिसऱ्या क्वार्टरला निम्म्या रिकाम्या दिसतात, कारण लोक आत लाउंजमध्ये जेवतायत, हे टीव्हीवर बघून मला दरवेळी राग येतो. पण त्याच चेस सेंटरमध्ये २०२५ ला वाल्किरीज ही महिलांची नवीन टीम आली आणि पहिल्याच सीझनला घरच्या सगळ्या मॅच हाऊसफुल्ल, १८,०६४, आणि आवाज असा की जुन्या ओरॅकलची आठवण निघाली. म्हणजे दोष इमारतीचा नव्हता, सीटवर कोण बसलंय याचा होता. लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स टीमचे मालक स्टीव्ह बाल्मर यांना हे कळलंय असं वाटतं. त्यांनी २०२४ ला उघडलेल्या इंट्युइट डोममध्ये एका बास्केटच्या मागे ५१ रांगांची सलग भिंत बांधली, मध्ये एकही महागडा बॉक्स नाही, आणि तिथे समोरच्या टीमची जर्सी चालत नाही. मला ते जरा ठरवून केल्यासारखं वाटतं, पण निदान सलग बसवलेली साधी माणसं काय करू शकतात यावर कोणीतरी पैसे लावले.

आणि शेवटी डेट्रॉइटबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त ओढ त्या गर्दीची वाटते. २०२३-२४ ला पिस्टन्स सलग २८ मॅच हरले. टीम विका म्हणून घोषणा झाल्या, रास्तच होत्या. ३० डिसेंबरला टोरांटोविरुद्धची मॅच, आपल्याला एवढंच माहीत की आजही हरलो तर एका सीझनमध्येच नव्हे तर लीगच्या अख्ख्या इतिहासात सगळ्यात लांब हार आपली. तरी लोक आले. केड कनिंगहॅमनं ३० पॉइंट केले, शेवटी दोन पॉइंटचं अंतर उरलं, १२९-१२७, आणि जिंकले. तो जल्लोष बघून कोणालाही वाटलं असतं की फायनल आहे. टीमच्या नावावर त्यानंतरही त्या सीझनला फारसं काही लागलं नाही, वर्षभरात मिळून १४ मॅच जिंकल्या. पुढच्या वर्षी ४४ जिंकून ते प्लेऑफला गेले तेव्हा अरेना भरलं, भरणारच होतं. मला भेटायचंय ते त्या डिसेंबरच्या रात्री, एकोणतिसावी हार बघायची तयारी ठेवून, कोट घालून वरच्या रांगेत जाऊन बसलेल्या लोकांना. तुम्हाला कधी मॅचला जायची संधी मिळाली तर मोठ्या टीमची महागडी तिकिटं शोधू नका, अशा एखाद्या पडत्या टीमची मधल्या वारची मॅच बघा, वर छताजवळ बसा आणि शेजारच्याला विचारा की तू अजून का येतोस. तो चौथ्या क्वार्टरपर्यंत बोलत राहील.